इंटरनेट बंद आणि बोलणी पोरीला

आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी आणि दुरुस्तीसाठी लाईट जाण्याचा दिवस. त्या गुरुवारीही सकाळी गेलेली लाईट संध्याकाळी सहाला आली. आमच्या धाकटीने संगणक लावला तर इंटरनेट बंद.

एरवी कोणी मनावर घेतले नसते. पण शनिवारी शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. धाकटी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पूर्वी हा फॉर्म कागदावर भरून कॉलेजच्या खिडकीवर द्यायचा. आता तो महाडीबीटीवरच भरावा लागतो. तिने अर्धा भरला होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सगळे स्कॅन करून ठरावीक आकारात बसवून संगणकात ठेवले होते. मोबाईलवर तिने प्रयत्न केला, पण दाखले मोबाईलमध्ये नव्हते आणि फोटो काढून पाठवले तर आकार जास्त भरत होता. फॉर्म राहिला असता तर वर्षाची फी आमच्या अंगावर. आम्हाला कामावरून निवृत्त होऊन चौथे वर्ष चालू आहे.

"पप्पा, हे घड्याळाचं कायतरी म्हणतंय," धाकटी म्हणाली.

आम्ही म्हणालो, "घड्याळाचा आणि इंटरनेटचा काय संबंध? तू नाही नाही ते डाऊनलोड करत बसतेस, त्यानंच बिघडलं. आता हात लावू नकोस."

वाचकहो, हे बोलणारे आम्ही भोसरीच्या एमआयडीसीत एकतीस वर्षे फिटर होतो. प्रेस बंद पडली की आधी मेन, मग फ्यूज, मग मोटर, असे टोकापासून एकेक बघत जायचे. आणि त्याच्याही आधी ऑपरेटरला विचारायचे, बाबा रे, बंद पडताना काय दिसले, काय आवाज आला? नव्या पोरांना आम्हीच हे शिकवले. घरात मात्र ऑपरेटर सांगत होती आणि आम्ही तिचेच तोंड बंद केले.

रात्री अकरापर्यंत आम्ही वायरी उपसल्या, पुन्हा खोचल्या. राऊटर चार वेळा बंद-चालू केला. मुलांची आई म्हणाली, "रिचार्ज संपला असेल." संपला नव्हता. शुक्रवारी सकाळी डबा पिशवीत घालून एका दुकानात नेला. दुकानदाराने झाकण न उघडताच सांगितले, "मदरबोर्ड गेला. अडीच हजार लागतील, सोमवारी मिळेल." सोमवार! डबा तसाच परत आणला. धाकटी रडून झोपली होती. आमच्याशी बोलणे बंद.

हा संगणकही काही शोरूमचा नाही. २०१९ साली कुदळवाडीतून घेतलेला, कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला. चिखलीच्या आमच्या घरकुलापासून कुदळवाडी जवळच. तिथे भंगाराची गोदामे होती, तोपर्यंत आपल्यासारख्यांना असा माल परवडत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली बांधकामे पाडली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. ते टेलिफोनच्या तारेवरून यायचे, मोडेमने नंबर फिरवावा लागायचा. आमच्या वस्तीत तेव्हा टेलिफोन म्हणजे कोपऱ्यावरचा पीसीओ. १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली, पुढे सायबर कॅफे निघाले, तरी आमचे त्यावाचून काही अडले नाही. आता पोरीची फीच त्या तारेला टांगलेली असते.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या इमारतीतला पोरगा फर्स्ट शिफ्ट करून आला. तो चाकणला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. "जयभीम काका, काय झालं?" म्हणत आत आला, पण आमचे पुराण त्याने ऐकले नाही. सरळ धाकटीला विचारले, "ताई, स्क्रीनवर काय येतं?" ती म्हणाली, "तुमचं घड्याळ मागे आहे, असं इंग्रजीत येतं." तो हसला. तरीही त्याने एकेक पायरी तपासली, आम्हाला कळावे म्हणून असेल.

आधी राऊटरचे दिवे. फायबरच्या जोडणीत एलओएस नावाचा दिवा लाल झाला तर समजायचे की बाहेरून येणारी तारच तुटली किंवा सुटली. मग घरात काही उघडण्यात अर्थ नाही, कंपनीला फोन करायचा. आमचे दिवे हिरवे होते. मग त्याच वायफायवर मोबाईल लावून पाहिला. तो चालला, म्हणजे राऊटरपर्यंत सगळे ठीक. मग संगणकाला मिळालेला पत्ता पाहिला. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेला नाही, संगणकाने स्वतःच मनाने घेतला आहे. आमचा १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे बरोबर होता. शेवटी त्याने पिंग करून बाहेर हाक मारली, तर उत्तरही आले. इंटरनेट येत होते! आणि आम्ही दोन दिवस ते बंद म्हणून बसलो होतो.

त्याने कोपऱ्यातली तारीख दाखवली. १ जानेवारी २००९.

"काका, गेटवरचा वॉचमन पासावरची तारीख बघतो ना? अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत. प्रत्येक सुरक्षित वेबसाईटकडं असा पास असतो. संगणक हा वॉचमन. त्याच्या भिंतीवर कॅलेंडर लागलंय २००९ चं. त्याला वाटतं, हे सगळे पास अजून सुरूच झाले नाहीत. म्हणून तो कोणालाच आत घेत नाही."

एकतीस वर्षे गेटवर पास दाखवलेल्या माणसाला याहून सोपे काय सांगणार?

त्याने तारीख आणि वेळ बरोबर केली आणि महाडीबीटी उघडले. धाकटी लगेच खुर्चीत बसली. साडेनऊला फॉर्म गेला.

खरा दोष निघाला तो रुपयाएवढ्या बटन सेलमध्ये. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल असतो. लाईट असते तेव्हा घड्याळ लाईटवर चालते, नसते तेव्हा या सेलवर. राऊटर त्याच बोर्डावर असल्याने आमचे बटन कायम चालू असायचे. त्यामुळे सेल कधी संपला ते कळलेच नाही. गुरुवारी दिवसभर लाईट गेली आणि घड्याळ थेट २००९ ला जाऊन थांबले. पोराने मीटर लावला, दोन व्होल्टही भरत नव्हते. चाकणला मशीनच्या पीएलसीतही असा सेल असतो म्हणाला. तो संपलेला असताना लाईट गेली तर काही मशीनचा प्रोग्रामच पुसला जातो आणि अख्खी लाईन उभी राहते. म्हणून तिथे ठरल्या मुदतीत सेल बदलतात.

शनिवारी चाळीस रुपयांचा सेल आणला. प्लग काढून, डब्याच्या लोखंडाला हात लावून, लिहिलेली बाजू वर ठेवून धाकटीनेच तो बसवला. तारीख पुन्हा एकदा भरावी लागली. पोराने पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतला.

जेवताना आम्ही धाकटीला म्हणालो, "गुरुवारीच तुझं ऐकायला पाहिजे होतं."

"ऐकायचं जाऊ द्या, हात का लावू दिला नाही?" ती म्हणाली. तिची आई आमच्याकडे बघत राहिली. आम्ही भाकरी मोडत बसलो.

पुढच्या गुरुवारी लाईट गेली ती साडेपाचला आली. धाकटीने संगणक लावला. आम्ही चहाचा कप तसाच ठेवून उठलो आणि आधी कोपऱ्यातली तारीख पाहिली. बरोबर होती.