आपल्या बोलीला माईक मिळाला तेव्हा

मंगळवार पेठ,
कोल्हापूर

चि. बाळ यास,


तू जमवून पाठवलेल्या पेन ड्राइव्हमधलं सगळं ऐकून झालं. श्रुतिका, कथाकथनं, पु. लं.चं सगळं. काही तर दोनदा ऐकलं. तू विचारलंस, 'आत्या, यातलं लेकीला काय ऐकवू? इतक्या लांब जन्मलेल्या पोरीला हा विनोद कळेल का?' हे फोनवर दोन वाक्यांत सांगून टाकावं असं वाटेना, म्हणून लिहायला बसले.

सुरुवात 'पुन्हा प्रपंच'पासून कर. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राची ही श्रुतिका. माणसं तीनच. प्रभाकर जोशी म्हणजे पंत, नीलम प्रभू म्हणजे मीनावहिनी आणि बाळ कुडतरकर म्हणजे टेकाडे भावजी. विषय तर आपल्या घरातलेच. महागाई, पाहुणे, नळाचं पाणी, नवराबायकोची कुरबूर. भावजी दारात आले की त्यांच्या पहिल्या हाकेतच कळायचं, आज काहीतरी नवं खूळ घेऊन आलेत. कुडतरकर 2017 साली गेले तेव्हा वयाची नव्वदी कधीच ओलांडलेले होते, पण माझ्या पिढीला त्यांचं वय कधी जाणवलंच नाही, कारण आवाजातले भावजी म्हातारे झाले नाहीत.

लेकीला ऐकवताना एक गोष्ट मुद्दाम दाखव. रेडिओवर माणूस आत आलेला दिसत नाही, हातात काय आहे ते दिसत नाही, तोंड वाकडं केलेलं दिसत नाही. लिहिणाऱ्याला ते सगळं बोलण्यात आणावं लागतं आणि नटाला श्वासात. मीनावहिनी उत्तर द्यायला अर्धा क्षण उशीर करतात, तेवढ्यात आपल्याला त्यांच्या कपाळावरची आठी दिसते. ती आठी कुणी दाखवलेली नाही, आपण काढलेली आहे. प्रत्येक घरातली मीनावहिनी म्हणून वेगळी. आपल्या घरात ती तुझ्या आजीसारखी दिसायची, शेजारच्या वाड्यात आणखी कुणासारखी. विनोदातलं निम्मं काम असं ऐकणाऱ्याकडे सोपवलेलं असतं आणि जो काम करतो तो मनापासून हसतो. पोरगी आयतं बघायला सवकली असेल, तर तिला हे काम करून बघू दे. जमेल तिला.

पण मला खरं सांगायचंय ते पुढच्या फाइलींविषयी. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर. तिघांनी मिळून गावोगाव कथाकथन केलं आणि रेडिओनं ते त्याहून लांब नेलं. शंकर पाटील आपल्या पट्टणकोडोलीचे, 1926 साली जन्मलेले. जिथं विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं सगळं गाव पिवळं होतं, ते पट्टणकोडोली. मिरासदार अकलूजचे, माडगूळकर माणदेशातल्या माडगूळचे. माडगूळकर पुणे आकाशवाणीत ग्रामीण कार्यक्रम सांभाळायचे, शंकर पाटीलही काही काळ तिथंच होते. म्हणजे हे लोक रेडिओवर पाहुणे म्हणून आले नव्हते. घर त्यांचंच होतं.

याचं मोल तुला इथल्या जुन्या माणसांइतकं जाणवणार नाही, म्हणून उलगडून लिहिते. त्याआधी नाटकात गावाकडची भाषा कुणाच्या तोंडी असायची? बहुतेक वेळा घरगड्याच्या, नाहीतर हवालदाराच्या. मुख्य माणसं शुद्ध बोलायची आणि लोक हसायचे ते त्या गड्याच्या 'व्हय जी'ला. मी शिकायला बाहेर राहिले तेव्हा माझ्या तोंडून सहज 'मी जातो', 'मी करतो' निघायचं, आपल्याकडच्या बायका बोलतात तसं, आणि खोलीतल्या मुली तोंडाला पदर लावायच्या. मी बोलणंच कमी केलं होतं. सुट्टीत घरी आले आणि रेडिओवर शंकर पाटलांची गोष्ट लागली. तोच हेल, तोच 'न्हाई', तोच 'बगा'. सभागृहातले लोक हसून हसून लोळत होते, पण त्या बोलण्याला नव्हे. बोलणारा सांगत होता त्या माणसांच्या वागण्याला, अडेलतट्टूपणाला, पुढारपणाला हसत होते. बोली हसण्याचा विषय नव्हती, ती हसवणारी होती. तिच्या हातात गोष्टीची सगळी सूत्रं होती.

आणि हे घडत होतं सरकारी रेडिओवर, ज्याच्यावर सात वाजता छापील मराठीत बातम्या लागायच्या. त्या काळी रेडिओ बाळगायला लायसन लागे, पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरावे लागत. अशा मानाच्या यंत्रातून आधी दिल्लीची भाषणं यायची आणि मग पट्टणकोडोलीचा माणूस बोलायला लागायचा, तेवढ्याच ठामपणे. आमच्या गल्लीतल्या पाचवी शिकलेल्या माणसांनासुद्धा त्या दिवशी वाटलं असेल, आपण बोलतो ती भाषाच आहे. पुढे याच शंकर पाटलांनी 'पिंजरा' या चित्रपटाचे संवाद लिहिले आणि 1972 साली त्यांची ती भाषा पडद्यावरही गेली. पण वाट आधी कानांनी केली होती.

तिघांचं बोलणं एकसारखं नाही, हेही तिला दाखव. शंकर पाटील गोष्ट रेटत नेतात, संवाद एकमेकांवर आदळतात, मधे श्वास घ्यायला जागा नाही. मिरासदार संथ. त्यांच्या भोकरवाडीत नाना चेंगट, बाबू पैलवान अशी मंडळी चावडीत जमतात आणि एका क्षुल्लक गोष्टीचं मोठं प्रकरण करतात. मिरासदार स्वतः मात्र गंभीरच, जणू कोर्टात साक्ष देताहेत. माडगूळकर कमी बोलतात, आणि त्यांचं हसू ऐकणाऱ्याच्या ओठांवर उशिरा येतं, पण टिकतं. कागदावर हे अंतर पुरतं येत नाही. पुस्तकं माझ्याकडे आहेत, तुलाही पाठवीन, पण 'आगं बाई' हे चार अक्षरांत लिहिलेलं आणि शंकर पाटलांनी म्हटलेलं, यांत गावभर अंतर आहे.

शेवटी पु. ल. ठेव. तेही आकाशवाणीत नोकरीला होते, माईक काय मागतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'रावसाहेब' आधी ऐकव, कारण रावसाहेब बेळगावचे. कानडी वळणाचं मराठी, शिव्यांसकट, आणि त्याखाली संगीताचं आणि माणसांचं वेड. सीमेवरच्या त्या मिश्र बोलीला पु. लं.नी जसंच्या तसं उभं केलं, नीटनेटकं केलं नाही. मग 'अंतू बर्वा'. त्यात हसता हसता घशाशी आवंढा येईल. तो आला की थांबवू नकोस, समजावूनही सांगू नकोस.

आता एक काळजी. हे सगळं आपोआप टिकलेलं नाही. रेडिओच्या फिती महाग असायच्या, पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. इंग्लंडात बीबीसीवर टोनी हॅन्कॉकची विनोदी मालिका 1954 ते 1959 अशी गाजली, तिचेसुद्धा कित्येक भाग जपलेच गेले नाहीत. काही परत मिळाले ते श्रोत्यांनी घरी टेप करून ठेवले होते म्हणून. एवढी श्रीमंत संस्था, तिचा ठेवा लोकांच्या कपाटातून परत आला. मग आपल्याकडे? सांगली केंद्र 1963 साली सुरू झालं. कोल्हापूरला स्वतःचं केंद्र मिळेपर्यंत आपलं बरंचसं ऐकणं 1251 किलोहर्ट्झवरच्या सांगलीचं होतं. तिथं आपल्या भागातल्या किती कलाकारांनी हसवलं असेल! त्यातलं कुणाच्या तरी घरी जुन्या कॅसेटवर असेलच. मी इथं ओळखीच्या घरांत विचारायला लागले आहे. कॅसेटी मिळतील त्या बुरशी लागायच्या आत उतरवून घ्यायच्या, एवढंच मनात आहे. तू ते संगणकावर चढवायचं काम अंगावर घे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पोरीला कळेल. पहिल्यांदा अर्धं कळेल. पण तिच्या कानात हेडफोन घालून सोडून देऊ नकोस. जेवणं झाल्यावर तिघं एकत्र बसा, मधे थांबून 'चावडी म्हणजे काय' विचारलं तर सांग, आणि तुला हसू आलं की मोठ्यानं हस. बाप कशाला हसतो हे बघूनच पोरं भाषा उचलतात. आणि फोनवर ती माझ्याशी 'मी जातो' म्हणाली, तर तिला सुधारू नकोस.

सूनबाईंना आशीर्वाद, पोरीला गोड पापा.

तुझी,
आत्या