वेरूळची एक जुनी फाईल

तिचं नाव ‘लेणीमाहिती’ आणि आडनाव डॉक. जन्म २००१ सालचा, वेरूळमध्ये, घृष्णेश्वराच्या रस्त्यावरच्या एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात. लेणी दाखवण्यात उभी हयात गेलेले एक गाईडकाका सांगत गेले आणि दुकानातला मुलगा टाइप करत गेला. पावसाळ्यात, पर्यटक कमी असताना, अशी ती आकाराला आली. आधी फ्लॉपीवर राहिली, मग सीडीवर, आता पेनड्राइव्हवर. इतकी घरं बदलली, पण तिच्यातला एक बाईटही हरवलेला नाही. आजही क्लिक केलं की ती उघडते. फक्त वाचता येत नाही.

पडद्यावर दिसते ती रोमन अक्षरांची दाटी. मध्येच डॉलरचं चिन्ह, टोपी घातलेला ए, उलटं प्रश्नचिन्ह, उघडाच राहिलेला कंस. या गर्दीत स्वच्छ उभे आहेत ते फक्त आकडे. १०, १५, १६, २९, ३२. वेरूळ पाहिलेल्याला तेवढ्यावरून वाट सापडते. १० म्हणजे विश्वकर्मा, ज्याला गावात सुताराची झोपडी म्हणतात. १५ दशावतार, १६ कैलास, २९ धुमार लेणं, ३२ इंद्रसभा. म्हणजे काका काय सांगत होते ते कळतं, पण काय म्हणाले ते कळत नाही. पेनड्राइव्ह माझ्या हातात देताना ते म्हणाले, “समदं हिच्यात हाय साहेब. पण बोलंनाच.”

ती बोलत नाही त्याचं पहिलं कारण तिचा फाँट. त्या काळात मराठी टाइप करण्यासाठी कंपन्यांचे आपापले फाँट असत. फायलीत मराठी अक्षर साठवलेलं नसेच. साठवलेला असे एक क्रमांक, रोमन अक्षराचा. त्या क्रमांकाच्या जागी ‘क’ काढायचा, काना काढायचा की रफार, हे फाँट ठरवी आणि प्रत्येक कंपनीची वाटणी निराळी. एकीच्या घरात जो ‘म’, तो दुसरीकडे अर्धा ‘श’. त्यात सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या मागे डोंगल लावावा लागे. डोंगल हरवला, कंपनीने नवी आवृत्ती काढली किंवा दुकानाने संगणक बदलला, की मजकूर जागच्या जागी परका होई. आकडे वाचले, कारण बहुतेक फाँटांत ते आपल्या मूळ क्रमांकावरच बसवलेले असत.

वाईट याचं वाटतं की सर्वांनी एकच क्रमांक वापरावेत यासाठीचं मानक आपल्याकडे तेव्हाही होतं. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली इस्की नावाचं मानक प्रसिद्ध केलं. त्यामागे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्याच आधीच्या रूपावर बेतलेली होती. तरीही छापखाने, वर्तमानपत्रं, कचेऱ्या आणि वेरूळसारख्या गावातली दुकानं पुढची कित्येक वर्षं फाँटांच्या खासगी क्रमांकांतच लिहीत राहिली. फाँट हा धंदा होता आणि गिऱ्हाईक एकदा त्यात लिहू लागलं की बाहेर पडणं अवघड होई. याला अपवादही होते, आणि ते नोंदवायलाच हवेत. बंगळूरच्या सायबरस्केप कंपनीने २००३ साली आपले ‘आकृती’ फाँट जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी मोकळे केले. र. कृ. जोशींनी रेखलेला मंगल फाँट विंडोजबरोबर घरोघर पोचला आणि युनिकोड मराठी वेगळी खरेदी न करता दिसू लागली.

या फायलीचं मुकेपण किती खोल आहे ते २०२३ साली उघड झालं. जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. युनिकोडमधल्या कागदपत्रांत जुनं नाव शोधणं ही क्षणाची गोष्ट. पण या फायलीत ‘औरंगाबाद’ शोधा म्हटलं, तर एकही ठिकाण सापडत नाही. काकांनी ते नाव पानोपानी उच्चारलं असणार. पण संगणकाच्या लेखी तो शब्द तिच्यात कधी लिहिलाच गेला नव्हता. त्या जागी काही रोमन अक्षरं आणि चिन्हं आहेत, एवढंच त्याला ठाऊक.

आता तिच्या आडनावाकडे येतो. डॉकचं घराणं मोठं आहे. वर्ड १९८३ साली डॉससाठी निघालं आणि १९८९मध्ये विंडोजवर आलं. आपल्या फाईलबाईंचा अवतार वर्ड ९७चा. तिच्या अंगावर एक गोंदण आहे. फायलीचे पहिले चार बाईट संगणकाच्या षोडशमान लिपीत पाहिले, तर डी, शून्य, सी, एफ, एक, एक, ई, शून्य अशी मालिका दिसते. पहिल्या शून्याला ओ, एका एकाला आय आणि दुसऱ्याला एल समजलं, की रोमनमध्ये ‘डॉकफाईल’ उमटतं. हे ज्यांनी कोरलं त्या अभियंत्यांच्या हौसेचं मला खरंच कौतुक वाटतं. आपण घडवलेल्या गोष्टीवर खूण ठेवावीशी वाटणं ही कारागिराची जुनी ऊर्मी आहे.

गोंदणाच्या आत मात्र अंधार. तिच्या पोटात एक छोटी फाईल-व्यवस्थाच आहे. वेगवेगळे प्रवाह, त्यांचे तक्ते, आणि मजकूर सलग नव्हे तर तुकड्या-तुकड्यांत. कोणता तुकडा कोणाच्या आधी, हे तक्त्यात बघायचं. फाईल झटकन जतन व्हावी म्हणून वर्डमध्ये ‘फास्ट सेव्ह’ची सोय होती. ती चालू असली की खोडलेलं वाक्य पडद्यावरून जाई, पण फायलीत पडून राही. डॉकची स्मरणशक्ती अशी मालकाच्या नकळत चालणारी. फेब्रुवारी २००३मध्ये ब्रिटिश सरकारने इराकवरचा अहवाल वर्डच्या फायलीतच प्रसिद्ध केला आणि तिच्या पोटातून शेवटी ती कोणी कोणी जतन केली त्यांची नावं बाहेर आली. आपल्या फाईलबाईंनीही दुकानातल्या त्या संगणकाचं नाव आणि तिला ज्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं त्याचा पत्ता जपून ठेवला आहे.

हा आतला नकाशा कित्येक वर्षं सर्वांसाठी खुला नव्हता. ओपनऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तो बाईट चाचपून, अंदाज बांधून काढला. मायक्रोसॉफ्टने तो सर्वांसाठी मांडला फेब्रुवारी २००८मध्ये. तोवर कचेऱ्यांच्या सवयी घट्ट झाल्या होत्या. वर्ड ९७ची फाईल आधीच्या वर्ड ९५ला थेट उघडत नसे. वरच्या कचेरीने नवी आवृत्ती घेतली की खालच्या कचेरीला घ्यावीच लागे, कारण येणारं पत्र वाचायचं होतं. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं हा प्रश्न मागे पडे. समोरच्याची फाईल कशात उघडेल, यावर खरेदी ठरे. कार्यालयीन सॉफ्टवेअरचा बाजार घडवण्यात तिच्यासारख्या फायलींचा हात जाहिरातींपेक्षा मोठा आहे असं माझं मत आहे.

गुप्तता हे एक कुलूप. दुसरं कुलूप पेटंटचं, आणि ते वेगळ्या जातीचं. गुपित ओळखता येतं, चिकाटीने उलगडता येतं. पेटंट मात्र उघड छापलेलं असतं. त्यातली युक्ती तुम्ही स्वतःच्या डोक्याने शोधून काढली, तरी न्यायालय तुम्हाला थांबवू शकतं. आणि हे कुलूप लहानमोठा बघत नाही. डॉकची धाकटी बहीण डॉकएक्स २००७च्या ऑफिसबरोबर आली. ती स्वभावाने मोकळी. आत झिप केलेली एक्सएमएलची पानं, जी साध्या डोळ्यांनीही वाचता येतात. तिच्यात ग्राहकाला स्वतःच्या खुणा घालता येतील अशी सोय होती. टोरंटोच्या आयफोरआय या छोट्या कंपनीकडे, मजकूर आणि त्याच्या खुणा वेगळ्या ठेवून त्यांचा नकाशा जपण्याचं १९९८ साली मिळालेलं पेटंट होतं. तिने २००७मध्ये टेक्सासात दावा लावला. २००९मध्ये ज्यूरीने २० कोटी डॉलरची भरपाई ठरवली, व्याज आणि दंड धरून ती २९ कोटींच्या घरात गेली. ११ जानेवारी २०१०पासून ती सोय असलेलं वर्ड अमेरिकेत विकायला बंदी आली आणि मायक्रोसॉफ्टला ती काढून टाकावी लागली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही ९ जून २०११ रोजी आयफोरआयच्या बाजूने निकाल दिला. ज्यांनी त्या खुणांवर आपली कार्यालयीन कामं बेतली होती, त्या लोकांचा या भांडणात काही दोष नव्हता. त्यांच्या फायलींचा एक अवयव मात्र गेला.

भारतात असा दावा उभा राहणं कठीण, आणि त्याचं श्रेय आपल्या संसदेला द्यायला हवं. पेटंट कायद्याचं कलम ३(के) सांगतं की निव्वळ संगणक प्रणालीला पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४च्या अध्यादेशाने हे दार किलकिलं केलं होतं. २००५च्या दुरुस्तीत संसदेने ती भर गाळली. लहान गावातल्या लहान सॉफ्टवेअर करणाऱ्याला याने किती संरक्षण दिलं याची चर्चा आपल्याकडे फारशी झालीच नाही.

डॉकएक्सला जागतिक मानक करायचं ठरलं, तेव्हा भारताने मत दिलं ते विरोधात. २००७मध्येही आणि फेरविचारानंतर मार्च २००८मध्येही. मानक ब्यूरोच्या समितीत झालेल्या त्या वादात आयआयटी मुंबईच्या प्रा. दीपक फाटकांचाही आवाज होता. आक्षेप रास्त होते. ओडीएफ हे खुलं मानक २००६मध्येच आयएसओने स्वीकारलं होतं, मग दुसरं कशाला? शिवाय नवा मसुदा सुमारे सहा हजार पानांचा, आणि त्यात ‘वर्ड ९५सारखं अंतर ठेवा’ अशा सूचना. वर्ड ९५ कसं अंतर ठेवत असे, हे ज्याने ते बनवलं त्यालाच ठाऊक! मसुदा तरीही मंजूर झाला. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी केलेली अपिलं ऑगस्ट २००८मध्ये फेटाळली गेली. पण नोव्हेंबर २०१०मध्ये भारत सरकारने ई-शासनासाठी खुल्या मानकांचं धोरण आणलं, त्यात मानक स्वामित्वशुल्काविना मिळावं ही अट घातली. ते मत वाया गेलं नाही.

हे सारं वेरूळच्या डोंगरापाशी बसून लिहिताना पंधराव्या लेण्याच्या प्रांगणातल्या मंडपावरचा राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा शिलालेख डोळ्यांसमोरून हलत नाही. आठव्या शतकातला. तो अपुरा आहे, झिजलाही आहे. तरी जे शिल्लक आहे ते अभ्यासकांनी वाचलं, कारण ‘क’ला काय म्हणायचं हे पाथरवटाने स्वतःपाशी ठेवलं नव्हतं. अक्षराचं वळण शतकागणिक बदललं, पण ते सर्वांचं होतं. झीज सोसूनही तो लेख बोलतो. आपली फाईल धडधाकट आहे आणि तिला बोलता येत नाही. माणसाने आपलं आयुष्यभराचं ज्ञान लिहून ठेवावं आणि पंचवीस वर्षांत ते त्याच्याच गावात परकं व्हावं, याचा मला राग येतो.

तिला बोलतं करण्याचं काम किचकट असलं तरी अशक्य नाही. ती लिब्रेऑफिसमध्ये उघडली. तिच्या फाँटाचं नाव तिच्याच पोटात लिहिलेलं होतं, म्हणून क्रमांकांचा तक्ता करता आला. मग एकेका रोमन चिन्हाच्या जागी युनिकोड अक्षर. अडचण क्रमाची. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती नंतर. म्हणून प्रत्येक ‘शि’, ‘लि’, ‘चि’ उलटा करावा लागला. रफार उलट्या दिशेने हलवावा लागला. ‘पायऱ्या’ आणि ‘दऱ्या’मधला तो आडवा अर्धा ‘र’ तर तक्त्यात सापडलाच नाही. लेण्यांच्या माहितीत पायऱ्या किती येतात हे तेव्हा कळलं.

छापील प्रत घेऊन गेलो, तेव्हा काकांनी चष्मा चढवून मधूनच सुरुवात केली, कैलासापासून. शिखरापासून खाली कोरत आल्याचं वर्णन त्यांनी मोठ्याने वाचलं, एका जागी थांबले, म्हणाले, “हे मी असं बोललो न्हवतो,” आणि पेनने दुरुस्ती केली. चूक तक्त्याची की त्या वेळच्या टायपिंगची, ते आम्ही अजून ठरवतो आहोत. एकोणतिसाव्या लेण्याचं पान बाकी आहे. आता ती ओडीटी आणि साध्या मजकुराच्या रूपात जतन केली आहे. मूळ डॉकही ठेवली आहे, कारण पडताळायला साक्षीदार तीच.

दुकानाच्या जुन्या संगणकावर तिची आणखी भावंडं आहेत. वाटणीपत्रांचे मसुदे, ग्रामसभेचे ठराव, यात्रेच्या सूचना, लग्नपत्रिका. सगळी त्याच फाँटात. त्यांच्यासाठी तोच तक्ता चालेल. दुकानदार तो संगणक भंगारात देणार होता, त्याला श्रावण संपेपर्यंत थांबायला सांगितलं आहे.