आत्याची बरणी

माणसाने आयुष्यात दोन जबाबदाऱ्या घेऊ नयेत. एक दुसऱ्याच्या मुलाचे लग्न जमवण्याची आणि दुसरी दुसऱ्याची बरणी सांभाळण्याची. पहिलीतून मी थोडक्यात वाचलो. दुसरीत पुरता सापडलो. बरणीही साधी लोणच्याची असती तर गोष्ट वेगळी. लोणचे बिचारे मुरते, पण गप्प राहून मुरते. ही बरणी बोलत होती.

साताऱ्याची माझी आत्या गेली पन्नास वर्षे घरी द्राक्षासव करते. काळ्या मनुका, गूळ, मध, दालचिनी-वेलदोड्यासारखे चार मसाले आणि धायटीची फुले. यांतली धायटी फार महत्त्वाची. सह्याद्रीतल्या या लाल फुलांवर यीस्ट वस्तीला असते. ते गोड पाण्यात पडले, की साखर खाऊन त्याचे मद्य करते आणि वायू सोडते. आसवात पाच ते दहा टक्के मद्य असे आपोआप तयार होते. आत्याला हे टक्के मान्य नाहीत. तिच्या मते ते औषध आहे आणि औषधाला टक्के नसतात, चमचे असतात. जेवणानंतर दोन चमचे, तेवढेच पाणी घालून.

या वर्षी पाडव्याला आम्ही साताऱ्याला गेलो, तेव्हा आत्या म्हणाली, "यंदा बरणी तू सांगलीला ने. मला आता उचलत नाही." बरणी पाच लिटरची, पांढरी-तपकिरी चिनी मातीची. तिच्याबरोबर लाकडी डाव, नरसाळे, गाळायची फडकी, सहा बाटल्या आणि तासभर सूचना. बरणीला आधी आतून तूप चोळायचे, मग धुपाची धुरी द्यायची. पाऊण भरायची, कारण आसवाला श्वास घ्यायला जागा लागते. तोंडाला दादरा बांधायचा. महिनाभर हलवायची नाही. मी मनुकांऐवजी सांगलीचा बेदाणा वापरू का, म्हणून विचारले. आमच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हेही अभिमानाने सांगितले. आत्या म्हणाली, "मानांकन खिरीत घाल. आसवाला काळ्या मनुकाच."

सांगलीला आल्यावर मी सगळे यथासांग केले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जुन्या घोंगडीत गुंडाळून बरणी बसवली. तिसऱ्या दिवशी ती बोलू लागली. रात्री घर निजले, की कोपऱ्यातून बुडबुड, बुडबुड. ही म्हणाली, "माझ्या बाळंतपणात तुम्ही इतक्या वेळा उठला नव्हता."

अकराव्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. येत्या रविवारी संपूर्ण इमारतीत झुरळे आणि वाळवी यांचा बंदोबस्त. सर्वांनी ओटे आणि कपाटे रिकामी करावीत, अन्न झाकावे, फवारणीनंतर सहा तास घराबाहेर राहावे.

मी पेस्ट कंट्रोलच्या मुलाला गाठले. मुलगा हुशार होता. म्हणाला, "काका, आमचं औषध म्हणजे पायरेथ्रॉइड. मूळ शेवंतीच्या जातीच्या फुलातलं, आता कारखान्यात बनवतात." म्हणजे लढाई फुलाफुलांत होती. आत्याची धायटी एकीकडे, याची शेवंती दुसरीकडे. मधे मी.

"बरणीत शिरेल का?"

"आतून वायू बाहेर येतोय तोवर बाहेरचं सहसा आत जात नाही. पण रात्री गारवा पडला, की आतली हवा आकसते आणि बाहेरची ओढून घेते. शिवाय फडक्यावर फवारा बसला तर ते आत झिरपणार. यीस्टचं काय व्हायचं ते होवो, पिणार तुम्ही आहात ना?"

पिणार आत्या होती. वय वर्षे चौऱ्याऐंशी.

मी तिला फोन लावला. "आत्या, रविवारी पेस्ट कंट्रोल आहे!"

"पेढे? पेढे कशाला आणतोस? साताऱ्यात काय पेढ्यांचा दुष्काळ पडलाय?"

"पेढे नाही, पेस्ट! झुरळं मारणार आहेत!"

हे तिला कसेबसे पोचले. म्हणाली, "झुरळाला काय भितोस? चिलटाला भी. एक चिलट आत पडलं, की आसवाचा शिरका झाला म्हणून समज." हे मात्र शास्त्राला धरून आहे. मद्याचे व्हिनेगर करणारे जंतू चिलटांच्या पायांवरून फिरत असतात.

शेजारी ठेवावी तर इमारत सगळीच फवारली जाणार. फ्रिजमध्ये ठेवली तर यीस्ट गारठून झोपणार. शेवटी ठरले, बरणीने माहेरी जावे. डाव, नरसाळे, फडकी आणि बाटल्या मी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून धुलाई यंत्रात ठेवल्या आणि झाकण लावले. घरात तेवढे एकच हवाबंद ठिकाण होते.

शनिवारी सकाळी सांगली बसस्थानकावरून मी साताऱ्याची एसटी धरली. पायाशी तागाची पिशवी, मांडीवर घोंगडीतली बरणी. महिनाभर हलवायची नाही ती बरणी पेठ नाक्यापर्यंतच इतकी हलली, की आत जणू गोंधळ घातला जात होता. गाडी महामार्गाला लागली आणि दादऱ्यातून गोड-आंबट वास सुटला. पुढचे दोघे मागे वळून पाहू लागले. कंडक्टर आला.

"काय आहे?"

"औषध."

"उकळतंय की हो!"

"गॅसशिवाय उकळतं. आयुर्वेदिक आहे."

त्याने बरणीकडे पाहिले, माझ्या पिकल्या केसांकडे पाहिले आणि तिकीट फाडले. १९४९ चा दारूबंदी कायदा मला तोवर कधी आठवला नव्हता. तो कऱ्हाडपर्यंत एकेका कलमाने आठवत राहिला. कऱ्हाडला भरदार मिशांचे एक गृहस्थ शेजारी येऊन बसले. त्यांनी दोनदा श्वास ओढला आणि हळूच विचारले, "पाव्हणं, कुठली म्हणायची ही?"

"औषध आहे हो."

"मग? आम्ही तरी काय म्हणून घेतो?"

साताऱ्यापर्यंत त्यांनी माझ्याशी फार आपुलकीने गप्पा मारल्या.

आत्या दारातच उभी होती. माझ्याकडे न बघता तिने बरणीकडे हात पुढे केले. माजघरात बरणी ठेवली, तशी ती शेजारी बसली आणि बरणीच्या पोटावर तळहात टेकून राहिली. ताप बघतात तसा.

"गरम आहे," म्हणाली. "बोलतेय का?"

"बोलतेय की. एवढी खदखदतेय, ऐकू येत नाही?"

आत्या काही बोलली नाही. मग पदराने बरणीवरची धूळ पुसत म्हणाली, "नाही रे. गेल्या वर्षापासून ऐकू येत नाही. मागची बरणी मी लवकर उघडली. गप्प झाली असं वाटलं. ती बोलत होती, मलाच ऐकू आलं नव्हतं."

"मग काडी लावून बघायची."

"काडी शेवटी. बरणी सारखी उघडायची नसते. आधी कान, मग काडी." थोड्या वेळाने म्हणाली, "उचलत नाही म्हणून नव्हती दिली तुला. अजून उचलते मी."

पाच लिटरच्या बरणीला दोन हातांनी मिठी घालून तिने ती चार बोटे उचलून दाखवली. मी घाईघाईने धरली. मला एकाएकी आठवले, की पाडव्याआधी मी साताऱ्याला आलो त्याला दोन वर्षे होऊन गेली होती. सातारा ते सांगलीची वाट कृष्णेला उतरणीची आहे. मला चढणीची वाटत होती, एवढेच.

त्या रात्री मी तिथेच राहिलो. बरणी पुन्हा हलवायची नाही, असे दोघांनी ठरवले. राहिला प्रश्न कानाचा. तो खालच्या बिऱ्हाडातल्या शाळकरी मुलीने सोडवला. तिने आत्याला मोबाईलची दोन बटणे शिकवली. रोज संध्याकाळी सातला आत्याने मला फोन लावायचा आणि तो बरणीला टेकवायचा. मी सांगलीत ऐकायचे. बरणी बोलत असेल तर फोन ठेवून उलट एक फोन करायचा. आत्याच्या फोनचा दिवा लागला, की तिला समजायचे. गप्प असेल तर फोन करायचा नाही, सरळ निघून यायचे.

रविवारी संध्याकाळी सांगलीला परतलो. घरात औषधाचा वास होता, ओट्याखाली झुरळांचा खच पडला होता आणि ही खिडक्या उघडत होती. मी तागाची पिशवी जमिनीवर ठेवली. तिच्या तळातून एक टपोरे झुरळ बाहेर आले, मिशा हलवत त्याने रणभूमी पाहिली आणि शांतपणे कपाटाखाली गेले. पठ्ठ्या शनिवारी माझ्याबरोबर साताऱ्याला जाऊन आला होता. तिकीटही न काढता.

पुढचे तीन आठवडे रोज सातला फोन वाजला. पाहुणे बसलेले असले तरी मी उठून कानाला लावायचो आणि काही न बोलता ऐकत राहायचो. एकदा एका पाहुण्यांनी विचारले, "कोण आहे हो?" हीच म्हणाली, "बरणी आहे. साताऱ्याची."

एका बुधवारी फोन आला. बराच वेळ कान लावला. बुडबुड नव्हती. पलीकडे फक्त आत्याचा श्वास ऐकू येत होता. मी उलट फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघालो. साताऱ्यात दादरा सोडला, काडी ओढली आणि बरणीच्या तोंडात धरली. वायू उरला असता तर ती पटकन विझली असती. काडी शांतपणे जळत राहिली. माझी बोटे भाजली तेव्हा मीच फुंकर घातली.

आत्याने दोन चमचे चाखले, डोळे मिटले आणि निकाल दिला, "जमलंय. पण पुढच्या वर्षी इथेच भरू. तू नुसता ऐकायला येत जा."

आसव आता संपत आले आहे. बरणी धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर गेली आहे. फोन मात्र अजून रोज सातला येतो. मी ऐकतो, ठेवतो आणि उलट फोन करतो.