स्टोइकांचं सोयाबीन

‘तुम्हाला हे शिकावं लागत नसेल. तुमच्याकडे ते रक्तातच असतं.’

आमच्या मंगळवारच्या वाचनमंडळात हे वाक्य मला कुणी ना कुणी अधूनमधून ऐकवतंच. त्यात कौतुक असतं म्हणून उलटून बोलता येत नाही, आणि कौतुक असलं तरी ते खुपतं. या वेळी बोलल्या त्या इस्पितळात परिचारिका असलेल्या बाई, म्हणजे मंडळातलं सर्वांत शहाणं माणूस. वाचन स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचं चाललं होतं. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही याची वाटणी आधी करा, निम्मा त्रास ही वाटणी चुकल्यामुळे होतो, असा त्याचा एकूण रोख. बाईंनी माझ्याकडे बघून समजूतदार मान हलवली. कर्म, नियती, सहनशक्ती वगैरे आम्ही जन्मतःच घेऊन येतो, असा त्या मानेचा अर्थ होता.

मला वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या रिठद गावचा पार आठवला. त्या पारावर रोज बसणाऱ्यांमध्ये शांतचित्त म्हणावा असा एक इसम काही केल्या डोळ्यांपुढे येईना. पावसाला शिव्या, बियाणं विकणाऱ्याला शिव्या, लोडशेडिंगला शिव्या, आणि दिवस अगदीच निवांत असला तर स्वतःच्या जावयाला. हे लोक रक्तातून स्टोइक असतील तर मग मीही रोमन सम्राट आहे.

कुरकुरीच्या बाबतीत मी राहतो ते व्हिएन्ना शहर मात्र आमच्या रिसोड तालुक्याची सख्खी बहीण शोभेल. इथल्या माणसाला तक्रार करायला कारण लागत नाही, एक टेबल आणि एक मेलांज कॉफी पुरते. चांदीच्या रंगाच्या ट्रेमध्ये कॉफीसोबत पाण्याचा छोटा पेला येतो, पेल्यावर चमचा आडवा ठेवलेला असतो, आणि तो चमचा उचलायच्या आत हवेबद्दलची पहिली तक्रार नोंदवून झालेली असते. आमचं मंडळ अशाच एका कॅफेच्या मागच्या खोलीत भरतं. स्टोइक तत्त्वज्ञान शिकायला आलेले हे सगळे पहिला अर्धा तास ट्राम, घरभाडं आणि खोलीतली हीटिंग यांवर सडकून बोलतात, मग पुस्तक उघडतात आणि मनःशांतीवर चर्चा करतात. मला यात ढोंग दिसत नाही. भूक लागलेलाच जेवायला बसतो.

मंडळाचे कारभारी एक निवृत्त लॅटिन मास्तर आहेत. इथे हायस्कूलच्या मास्तरालाही ‘हेर प्रोफेसर’ म्हणतात आणि निवृत्तीनंतरही ते सुटत नाही. त्यांनीच पहिल्या दिवशी मला सांगितलं की हे तत्त्वज्ञान वाचायचं तर याच शहरात. मार्कस ऑरेलियस हा स्टोइक रोमन सम्राट इ.स. १८० मध्ये वारला तो इथेच, त्या वेळच्या विंडोबोनात. तो सिर्मियमला वारला असंही म्हणणारे आहेत, पण हेर प्रोफेसर त्या पक्षाला मोजत नाहीत. जुन्या शहरात त्याच्या नावाचा रस्ताही आहे. तिथून पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर कार्नुंटुम, म्हणजे डॅन्यूबकाठची रोमन छावणी. सम्राट तिथे टोळ्यांशी लढत होता, साम्राज्यात साथ पसरली होती, आणि तो स्वतःसाठी ग्रीकमध्ये टिपणं लिहीत होता. ‘मेडिटेशन्स’ या नावाने जग जी वाचतं ती हीच. त्यातल्या एका भागाला ‘कार्नुंटुम येथे’ अशी नोंदच आहे.

तर श्रावणातल्या एका रविवारी मंडळाची सहल कार्नुंटुमला निघाली. एस-सात लोकलने पेट्रोनेलला उतरायचं आणि चालायचं. रोमन घरं पुन्हा बांधून ठेवली आहेत, फरशीखालून गरम हवा खेळवायची त्यांची सोय बघितली (मंडळींनी तिथेही आपापल्या घरच्या हीटिंगचा विषय काढला). मग गावाबाहेर शेतांच्या मधोमध उभी असलेली हायडेनटोर ही चौथ्या शतकातली मोडकी कमान बघायला गेलो. वारा असा की टोपी हातात धरावी, क्षितिजावर पवनचक्क्यांची रांग. बाकीचे कमानीकडे बघत होते. माझी नजर बांधापलीकडे गेली आणि तिथेच राहिली. तीन-तीन पानं, देठावर बारीक लव, खोडाला चिकटलेल्या हिरव्या शेंगा. सोयाबीन. डोळे बांधून हात लावला असता तरी सांगितलं असतं.

इथून पुढे माझा स्टोइकांशी संबंध सुटला, ते मी कबूल करतो. परतल्यावर शोधलं तर कळलं की युरोपात सोयाबीनची हौस धरली तीच मुळी व्हिएन्नाने. १८७३ साली इथल्या प्राटर बागेत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्यात चीन-जपानकडून आलेलं सोयाबीन फ्रिडरिश हाबरलांट नावाच्या शेतकी प्राध्यापकाने पाहिलं, बी मिळवलं, १८७५ पासून पेरून बघितलं, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यभरच्या शेतकऱ्यांना थोडंथोडं वाटलं आणि कोणाकडे काय उगवलं त्याचे निरोप गोळा केले. १८७८ मध्ये त्याने त्यावर पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी तो गेला. त्याच्या हयातीत या पिकाने फार काही केलं नाही. आमच्याकडे तर ते त्यानंतर शंभरेक वर्षांनी आलं. आजोबांच्या वावरात पऱ्हाटी, ज्वारी, मूग, उडीद असायचे. आता मृग लागला की वाशीम जिल्ह्यात जिकडे बघावं तिकडे सोयाबीनच.

पुढच्या मंगळवारी मंडळात धनुर्धर आला. स्टोइकांचं हे लाडकं उदाहरण, सिसेरोने केटोच्या तोंडून सांगितलेलं. नेम धरणाऱ्याने नेम नीट धरावा, धनुष्य, बाण, वारा, पवित्रा सगळं सांभाळावं. बाण सुटल्यावर तो लागणं हे त्याच्या हातात नाही, आणि त्याचं ध्येयही ते नाही; जे करण्याजोगं ते सगळं करणं हेच ध्येय. सगळ्यांना पटलं. माझी अडचण अशी की त्या खोलीत कोणी आयुष्यात धनुष्य धरलेलं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, धनुर्धर राहू द्या, माझा भाऊ घ्या.

माझा थोरला भाऊ रिठदला शेती करतो. जून महिन्यातला त्याचा एक दिवस घेतला तरी हा अख्खा धडा त्यात येतो. पहिला पाऊस पडला की शेजारचे तिफणी काढतात. भाऊ थांबतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी निम्मं गाव विसरतं. ओल वरवरची असली आणि पुढे आठ-दहा दिवस उघाड पडली की कोंब जमिनीतच जळतो, मग दुबार पेरणी आणि दुबार उधारी. पाऊस त्याच्या हातात नाही. थांबणं आहे.

दुसरं बियाणं. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ आणि अंकुर सालीला अगदी लागून. मळणीयंत्र जोरात फिरवलं, पोती आपटली, काढणीच्या वेळी पावसात भिजलं, की दाणा वरून गोरागोमटा दिसतो आणि आतून मेलेला असतो. २०१९ ला काढणीच्या तोंडावर पावसाने झोडपलं आणि २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हापासून भाऊ घरचं बी ठेवतो आणि पेरणीआधी तपासतो. गोणपाटाचा तुकडा भिजवायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून मोजायचं. सत्तर किंवा जास्त दाण्यांना धड कोंब आले तर एकरी तीस किलो पेरायचं, कमी असले तर त्या मानाने बी वाढवायचं, फारच कमी असले तर ते बी विकायचं आणि दुसरं आणायचं. मग बीजप्रक्रिया: आधी बुरशीनाशक चोळायचं, ते सुकू द्यायचं, जिवाणूसंवर्धक शेवटी, पेरणीच्या तोंडावर, क्रम उलटा केला तर बुरशीनाशक त्या जिवाणूंनाच खातं. सोय असेल तर बीबीएफ यंत्राने रुंद वरंब्यावर पेरायचं, म्हणजे पाऊस जास्त झाला तर सरीतून निघून जातो आणि कमी झाला तर सरीत मुरतो.

एवढं सगळं झाल्यावर तो घरी येतो, पाय धुतो आणि आभाळाकडे बघतो. मी फोनवर ‘काळजी वाटते का’ विचारलं तर म्हणतो, ‘आता काय करतं बाप्पा, आपलं काम आपन करून टाकलं. पानी काय मी सांगून आनू राह्यलो?’

हेर प्रोफेसर खूश झाले. परिचारिकाबाईही, पण वेगळ्या कारणाने: ‘बघा, म्हणजे रक्तातच!’ मी म्हटलं, रक्तात असतं तर त्याने गोणपाट भिजवलं नसतं. ‘उगवायचं असेल तर उगवेल’ म्हणून पसरला असता. असं म्हणणारेही गावात आहेतच, व्हिएन्नातही असतील. आणि त्यांना उत्तर स्टोइकांनीच देऊन ठेवलंय. आजार बरा व्हायचं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय न बोलावला काय, अशा युक्तिवादाला त्या काळी ‘आळशी’ म्हणत. क्रिसिपस या स्टोइकाचं त्यावर म्हणणं असं की बरं होणं नशिबात असेल तर वैद्याला बोलावणंही त्याच नशिबात बांधलेलं असतं. नाहीतर बायकोशिवायच मुलगा व्हायला हवा. गीतेतल्या फळाच्या गोष्टीवरही मंडळात फार प्रेम आहे. फळाची आस नको हे सगळ्यांना पाठ, कर्म कर हे वाक्य मात्र हळू आवाजात वाचलं जातं.

इथपर्यंत मी स्टोइकांच्या बाजूचा. पुढे नाही.

कारण पीक निघाल्यावर भाव येतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याखाली विकला गेला. स्टोइकांच्या हिशेबात पैसा ही असली तर बरी, पण माणसाचं बरंवाईट न ठरवणारी गोष्ट. मंडळातल्या एका वकिलाने भाव थेट ‘आपल्या हातात नाही’च्या रकान्यात टाकला. भाऊ एकटा असेल तर तो रकाना बरोबर आहे. पण भाव म्हणजे पाऊस नव्हे. तो कुणाच्या तरी टेबलावर ठरतो: खाद्यतेलाचं आयातशुल्क किती, खरेदीकेंद्रं कधी उघडणार, ओलावा किती चालणार. टेबल माणसांचं आहे, तर ते माणसांच्या हातातलंच आहे. एपिक्टेटस गुलाम होता, त्याच्या हातात मन सोडून फारसं काही नव्हतं, म्हणून त्याचं ऐकताना मी मान खाली घालतो. मार्कस सम्राट होता. हातात काय नाही याची त्याची यादी आणि गुलामाची यादी एकच कशी? असं विचारल्यावर हेर प्रोफेसरांनी सांगितलं की युद्धाचा खर्च प्रजेवर पडू नये म्हणून सम्राटाने महालातल्या मौल्यवान वस्तू लिलावात काढल्याची कथा आहे. चांगली कथा आहे. पण लिलाव करायला आधी महाल लागतो.

एकदा मात्र मी गप्पच बसलो. खोलीत धूर फार झाला तर दार उघडं आहे, हा एपिक्टेटसचा आयुष्य सोडून जाण्याबद्दलचा उतारा आला आणि मंडळी त्यावर थंडपणे, हुशारीने बोलू लागली. २००६ साली शेतकरी-आत्महत्याग्रस्त म्हणून केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं त्यात वाशीम होता. आमच्याकडे त्या दाराबद्दल तत्त्वज्ञान म्हणून कुणी बोलत नाही. धूर कुठून येतोय ते आधी बघावं लागतं. मी एवढंच म्हणालो की हा उतारा मी वाचणार नाही. परिचारिकाबाईंनी कारण न विचारता पान उलटलं. त्यांचं ‘रक्तात’ मी त्यासाठी माफ केलंय.

हे वाचून कुणाला वाटेल की एपिक्टेटस भेटायला व्हिएन्ना गाठावं लागतं, तर तसं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी आपल्या मानसोपचार पद्धतीच्या मुळाशी एपिक्टेटस आहे हे उघड सांगितलं होतं, आणि ती पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणून कधीच रुजवली. मंडळात हे सांगितलं तेव्हा कुणाला ते रक्तात असल्यासारखं वाटलं नाही, कारण त्यात पुस्तकं होती आणि मेहनत होती.

हेर प्रोफेसरांचा शहराच्या कडेला बागेचा छोटा तुकडा आहे, तसे इथे बऱ्याच जणांकडे असतात. धनुर्धराच्या चर्चेनंतर त्यांनी मला बाजूला घेऊन गोणपाटाची रीत पुन्हा विचारली आणि वहीत उतरवून घेतली. त्यांच्याकडे फरसबीचं जुनं बी पडून होतं. गोणपाट इथे मिळणं कठीण, म्हणून मी जुना टॉवेल चालेल म्हणालो, फक्त पाणी निथळू द्या, नाहीतर बी कुजतं. आठवड्याने ते आकडा घेऊनच आले: शंभरातले बासष्ट. उरलेल्या अडतिसांकडे स्टोइकाने कसं पाहावं, यावर त्यांच्या मनात एक लांबलचक प्रश्न तयार होता.

मी म्हटलं, बी थोडं दाट टाका.