आउटरला थांबलेले मेल

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याचा कस स्पॅम वाढल्यावर लागत नाही. मेल तपासणारा फिल्टरच कोलमडतो तेव्हा लागतो. परभणीच्या मे महिन्यात हे ठरलेलंच. भर दुपारी लाइट जाते, बॅटऱ्या दम तोडतात आणि लाइट आल्यावर सर्व्हर नव्याने उठतो. मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स लगेच कामाला लागतो. व्हायरस शोधणारा क्लॅमएव्ही मात्र व्हायरसच्या खुणांची भलीमोठी यादी मेमरीत चढवत बसतो. त्याला एक जीबीहून जास्त मेमरी लागते. जुन्या मशीनवर ती पुरली नाही की कर्नल त्याचाच बळी घेतो. मेल दारात उभे, तपासायला कोणी नाही.

तेव्हा सगळं आत सोडायचं, परत धाडायचं की थांबवायचं? मिल्टर या जोडणीने लावलेला फिल्टर पडला तर पोस्टफिक्स आपणहून मेल थांबवतो. लॉगमध्ये ४५१ च्या ओळी धावू लागतात. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे ‘थोड्या वेळाने या’. ५ ने सुरू होणारा म्हणजे ‘येऊच नका’. पूर्णा जंक्शनला फलाट मोकळा नसेल तर गाडी आउटरला उभी करतात, रद्द करत नाहीत. पाठवणारा सर्व्हरही मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा येतो. पोस्टफिक्स तर सहसा पाच दिवस चिकाटी सोडत नाही.

स्पॅम ओळखणाऱ्या स्पॅमअसॅसिनकडे मेल नेणाऱ्या स्पॅमसीची रीत उलटी. तपासणी करणारा स्पॅमडी भेटला नाही तर तो मेल न तपासताच पुढे देतो. तेही चूक नाही. कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला तासभर उशिरा आला तरी चालतो; ओटीपी तेवढ्यात शिळा होतो. कोणाच्या पेटीत काय येतं, ते पाहून ठरवावं.

फिल्टर चालू असून चुकतो, ते जास्त अवघड. १ जानेवारी २०१० ला स्पॅमअसॅसिनचा एक जुना नियम साध्यासुध्या मेलनाही दोषाचे गुण देऊ लागला. २०१० साल त्याच्या लेखी फार पुढच्या भविष्यातलं होतं! मेल स्पॅम ठरायची नेहमीची मर्यादा पाच गुणांची. त्यातले तीनहून अधिक निव्वळ तारखेपोटी. सर्व्हिस चालू, लॉग स्वच्छ. अशा दिवशी ज्यांनी संशयित मेल पुसून न टाकता स्पॅमच्या फोल्डरात ठेवले, त्यांना ते परत काढता आले.

२५० या होकाराच्या कोडने मेल एकदा स्वीकारला की त्याची जबाबदारी आपल्या अंगावर. “साहेब, मेल आलाच नाही,” असा जिंतूरहून फोन आला, तर तो रांगेत आहे, फोल्डरात आहे की नाकारला गेला, हे लॉग उघडून सांगता आलं पाहिजे.