सोनाराने टोचलेले कान

कान सोनारानेच टोचावेत, हे वचन बारामतीच्या सराफकट्ट्यावर ज्या निःशंकपणे उच्चारले जाते, तो निःशंकपणा मला अलीकडे लाभेनासा झाला आहे. अधिकारी पुरुषाच्या हातून झालेली इजा ही इजाच नव्हे, असा या म्हणीचा आशय. पण ज्याचा कान टोचावयाचा, त्याची अनुमती कोणी घेतो काय?

रोमचा सम्राट ऑगस्टस याने आपल्या सुवर्णमुद्रेवर गायस आणि लूशियस या दत्तक घेतलेल्या दौहित्रांना ढाली-भाल्यांच्या दोहो बाजूंस उभे केले. लूशियस इ. स. २ मध्ये, गायस इ. स. ४ मध्ये निवर्तला. वारशाची ती ग्वाही निष्फळ ठरली, तरी ती मुद्रा समुद्र ओलांडून हिंदुस्थानात येतच राहिली. येथील सोनारांनी रोमच्या कित्येक मोहरांना सम्राटाच्या मस्तकाच्या वर छिद्र पाडले, म्हणजे गळ्यात घातल्यावर मुख सरळ राहावे. ही अदब म्हणावी, तर १८९८ साली पुदुकोट्टई येथे सापडलेल्या ५०१ मोहरांपैकी बहुतेकांच्या मुखावर छिन्नीचा आडवा घाव आहे. तो चलनातून बाद करण्यासाठी, कस पाहण्यासाठी, की परक्या राजाचा मुखभंग म्हणून, याविषयी पंडितांत एकवाक्यता नाही. सुईला सोनाराचा अधिकार पुरत असेल, तर छिन्नीला का पुरू नये, हे ती म्हण सांगत नाही.

मालोजीराजांच्या जहागिरीतल्या इंदापूर परगण्यात आमच्या आत्याबाईंचे सासर. त्यांच्या पुतळ्यांच्या माळेत व्हेनिसच्या जुन्या मोहरा होत्या: संत मार्क उभा, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तेथला अधिपती, मध्ये ध्वजाची काठी. उभा तो राम आणि गुडघे टेकलेला तो मारुती, असे आत्याबाई सांगत, आणि दसऱ्याला माळेस हळदकुंकू वाहत. व्हेनिसच्या टांकसाळीने ते कधी मनात आणले नसेल. परंतु त्या मोहरेला इतकी निष्ठा खुद्द व्हेनिसात तरी लाभली असेल काय? आता त्याच माळेतल्या नव्या पुतळ्यांवर साच्यातून काढलेली लक्ष्मी असते, तिच्याविषयी कोणाचा गैरसमज होण्याची सोयच उरलेली नाही, आणि ते बरे झाले असे मला मनापासून म्हणवत नाही.

आत्याबाईंनी त्या मोहरेचा कान टोचला, की तिच्या मुखावर छिन्नी चालविली? त्यांना खरे काय ते सांगितले असते, तर छिन्नी माझ्या हाती आली असती, असेही वाटते. आणि खरे ठाऊक असून गप्प राहण्याचा अधिकार मला कोणी दिला, असेही वाटते.