हात काळा म्हणून शीर दिसत नाही?

माझ्या मुलीला सिकलसेल आहे. विदर्भातील आपल्या बौद्ध वस्त्यांत हा शब्द फारसा समजावून सांगावा लागत नाही. हातपाय ठणकणे, डोळे पिवळे होणे, रक्त कमी होणे आणि मग दवाखाना, हे अशा घरांच्या अंगवळणी पडलेले असते. पण आज मी आजाराबद्दल नव्हे, तर त्या आजारात पावलोपावली भेटणाऱ्या एका लहानशा वस्तूबद्दल लिहीत आहे. ती वस्तू म्हणजे सुई.

गोष्ट 2012 सालची. मुलगी सात वर्षांची होती. अंग ठणकत होते म्हणून तिला दवाखान्यात नेले. सिस्टरने दंडाला रबर बांधले, हात चोळला, थापट्या मारल्या. शीर सापडेना. डाव्या हाताला तीनदा टोचले, उजव्याला दोनदा. शेवटी पायाच्या घोट्याजवळ, सहाव्या वेळी, रक्त आले. मी तिला मांडीवर घट्ट धरून बसले होते. "आई, बस झालं वं, सोड ना," म्हणून ती रडत होती. सिस्टरही घामाघूम झाल्या होत्या. वैतागून त्या बोलून गेल्या, "रंगच इतका काळा, शीर दिसेल तरी कशी?"

त्या सिस्टर वाईट नव्हत्या. भरलेल्या वॉर्डात त्या एकट्या होत्या. पण तो शब्द माझ्या लेकीच्या मनात रुतून बसला. घरी आल्यावर ती मोरीत बसून साबणाने हात घासताना दिसली. मला म्हणाली, "आई, मी गोरी असती तर एकदाच टोचलं असतं का?" पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला जातीवरून, रंगावरून हिणवले गेले. आता माझे लेकरू आजारपणातही स्वतःच्या कातडीलाच दोष देत होते.

त्याचा परिणाम पुढच्या पावसाळ्यात दिसला. तिला ताप आला आणि तिने तो दोन दिवस लपवला. सुई नको म्हणून अंगावर चादर ओढून गप्प पडून राहिली. मी कामावरून उशिरा यायची, माझ्या लक्षात आले नाही. तिसऱ्या दिवशी ती उठेना. डॉक्टर मला रागावले. सिकलसेलच्या मुलांची जंतूंशी लढण्याची ताकद कमी असते, साधा तापही त्यांच्या जिवावर बेतू शकतो, हे त्या दिवशी मला नीट कळले. रक्त चढवावे लागले. मुलगी वाचली. पण सुईची भीती सुईपेक्षा किती खोल जाते, हे मी पाहिले.

2019 साली दुसऱ्या एका रुग्णालयात एक नवे यंत्र पाहिले. सिस्टरने हातात मावेल असे एक उपकरण मुलीच्या हातावर वीतभर अंतरावर धरले. हातावर हिरवा उजेड पडला आणि त्या उजेडात शिरांचे काळे जाळे उमटले, जसा नकाशावर नद्यांचा पट दिसतो. मुलगी रडायचे विसरून बघतच राहिली. सिस्टरने बोटाने एक शीर चाचपून पाहिली आणि पहिल्याच टोचणीत रक्त आले.

मी त्यांना विचारून घेतले. त्यात जादू काहीच नाही. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसा, डोळ्यांना न दिसणारा उजेड हे यंत्र हातावर टाकते. तो कातडीखाली काही मिलिमीटर शिरतो. आजूबाजूचे मांस तो परत फेकते, पण शिरेतले रक्त तो शोषून घेते. म्हणून यंत्रातल्या कॅमेऱ्याला शीर काळी दिसते आणि तेच चित्र यंत्र लगेच हातावर पाडते. ही क्ष-किरणे नव्हेत. चटका बसत नाही, दुखत नाही. अमेरिकेतील मेम्फिस शहरात हर्बर्ट झीमन या संशोधकाने अशा यंत्रावर मोलाचे काम केले.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट वेगळीच. कातडीचा काळा रंग साधा उजेड अडवतो, पण हा उजेड फारसा अडवत नाही. म्हणजे शीर जागेवरच होती. कमी पडत होती ती पाहणाऱ्याची नजर. मी हे लेकीला सांगितले तेव्हा ती कितीतरी वेळ आपला हात उलटासुलटा करून बघत होती.

यंत्राची बढाई मात्र मारणार नाही. खोल शिरा त्यात दिसत नाहीत. पुन्हा पुन्हा टोचून कडक झालेली शीर कोणती, हे ते सांगत नाही. मुलांवर झालेल्या सगळ्याच चाचण्यांत त्याचा फायदा दिसलेला नाही. सरावाचे बोट लागतेच. पण ज्या लेकराची शीर मुळीच सापडत नाही, त्याच्यासाठी ते हाताशी असावे.

येथे एक इतिहास आठवतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय बांधवांतही सिकलसेल आहे. सरकार लक्ष देत नाही, हे पाहून तिथल्या ब्लॅक पँथर संघटनेने 1971 मध्ये वस्त्यावस्त्यांतून रक्ततपासणी सुरू केली. त्यांच्याच नावावरून 1972 मध्ये मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली. नाव आपण घेतले, त्यांचे हे कामही घेऊ या. 1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले, पण त्याचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे. आपल्या वस्त्यांची तपासणी आपणच मागून घेतली पाहिजे.

म्हणून भगिनींनो, थोडे सांगते. रक्त द्यायला जाताना लेकराला भरपूर पाणी पाजा, हात उबदार ठेवा. मागच्या वेळी कोणती शीर सापडली होती, ते सिस्टरला सांगा. दोनदा चुकले तर अधिक सरावाच्या सिस्टरला बोलवा, असे नम्रपणे पण ठामपणे म्हणा. लग्न जुळवताना पत्रिका नको, रक्ताचा रिपोर्ट पाहा. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. विहारात तपासणी शिबिर घ्या आणि मुलांच्या वॉर्डात असे यंत्र द्यावे म्हणून महिला मंडळाच्या सह्यांचा अर्ज करा.

माझी मुलगी आता वीस वर्षांची आहे. दवाखान्यात ती स्वतःच बाही वर करते आणि सांगते, "सिस्टर, डाव्या कोपराची शीर बघा, ती चांगली आहे." हात तोच आहे, रंगही तोच आहे. आता ती तो साबणाने घासत नाही.

जय भीम!